माळ्यावरून रेकॉर्डी उतरवल्या, पण सगळ्या गायकांचा घसा बसलाय!

माळ्यावरचा (नाशिक)

रंगकाम काढलं म्हणून माळा रिकामा करावा लागला. पत्र्याच्या दोन ट्रंका निघाल्या. एकीत पितळी भांडी, दुसरीत रेकॉर्डी. मोजल्या: ६३ एलपी (मोठ्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या), १८ छोट्या ईपी आणि तळाशी गोधडीत गुंडाळलेल्या ११ जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या). आमचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्डप्लेअर बाबांनी १९९६ मध्ये भंगारवाल्याला दिला, रेकॉर्डी मात्र ठेवल्या. का ठेवल्या विचारलं तर म्हणतात, "तो किलोवर घेत होता."

मग काय, किडा चावला. मुंबईहून वापरलेला टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं यंत्र) आणला. जपानी, बेल्टवर चालणारा, साडेआठ हजार. सोबत २३० चे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर फुकट मिळाला. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर पहिले चाळीस प्रतिसाद "त्यापेक्षा अमुक घ्यायचा होतात" असे येतील.

अडचणी तीन.

एक, ब्लूटूथ स्पीकरच्या ऑक्सला (वायरीने आवाज घ्यायच्या भोकाला) जोडला तर आवाज मुंगीएवढा.

दोन, खरखर. एकेक रेकॉर्ड म्हणजे चिवडा तळतोय असं वाटतं. ओल्या फडक्याने पुसली, आणखी वाढली.

तीन, आणि हे खरं दुखणं. आई गाण्याच्या शिकवण्या घेते. मी पहिली एलपी लावली, दहा सेकंदांत ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "रेकॉर्डिंगच्या दिवशी बाईंना ताप होता का रे?" मग पेटी काढून बसली. तिचं म्हणणं, ही गायिका काळी चारची (पेटीच्या त्या पट्टीत सा धरणारी), आणि तुझ्या यंत्रावर पांढरी चारमध्ये, म्हणजे तीन पट्ट्या खाली गातेय. नवा बेल्ट घातला, थेंब तेल सोडलं, ढिम्म फरक नाही. मोटर गेली असेल का?

---

खरखर (पुणे)

एक नंबरचं उत्तर सोपं. कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डोक्यातून) निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, ऑक्सला त्याच्या शंभरेक पट लागतो. मध्ये फोनो प्रीअँप (सिग्नल वाढवणारा छोटा डबा) हवा. तो नुसता आवाज वाढवत नाही. रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात, ते हिशेबाने परत जागेवर आणतो. जुन्या अँप्लिफायरवर 'फोनो' लिहिलेलं भोक असेल तर प्रीअँप आतच आहे. आणि ती बारीक हिरवी किंवा काळी वायर लोंबत असेल ती अँपच्या अर्थिंगच्या स्क्रूला जोडा. नाहीतर गाण्याखाली अखंड भुंगा.

ब्लूटूथ स्पीकरबद्दल काही बोलत नाही. घरातलं वातावरण बिघडायला नको.

---

ओसाकाकर

तीन नंबर वाचून हसू आलं, कारण उत्तर मी राहतो त्या गावात आहे. आधी दोन गोष्टी करा. पाठीमागची पट्टी वाचून ५० हर्ट्झ, ६० हर्ट्झ की दोन्ही लिहिलंय ते सांगा. आणि थाळीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवून तीन मिनिटांत किती फेरे होतात ते मोजा. ३३⅓ असेल तर बरोबर १०० व्हायला हवेत.

---

माळ्यावरचा

पट्टीवर १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. फेरे दोनदा मोजले. दोन्ही वेळा ८३ आणि वर थोडे.

---

ओसाकाकर

मोटर ठणठणीत आहे, आईंचा कान त्याहून ठणठणीत आहे.

जपानात एकाच देशात दोन वीजव्यवस्था आहेत. पूर्वेला, म्हणजे टोकियोकडे, ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला, ओसाकाकडे, ६०. जुन्या बेल्टवाल्या टर्नटेबलांत बऱ्याचदा सिंक्रोनस मोटर असते. तिला व्होल्टेजचं फारसं सोयरसुतक नाही, ती विजेच्या हर्ट्झशी जोडलेली फिरते. म्हणून कंपन्या ५० साठी जाड पुली (मोटरच्या दांड्यावरचं चाक, ज्यावरून बेल्ट जातो) देत आणि ६० साठी बारीक. तुमच्या मोटरवर बारीक बसलेली आहे, म्हणजे यंत्र बहुधा पश्चिमेकडच्या कोणाच्यातरी घरचं. भारतात ५० हर्ट्झ, म्हणून ३३⅓ चे पाच षष्ठांश, २७.८ फेरे. तीन मिनिटांत ८३. स्वर तीन पट्ट्या उतरतो. काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, पांढरी चार. मोजा.

तुमचा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. इथेच सगळे फसतात. थाळी उचलून मोटरच्या दांड्यावर बघा, कधीकधी दुसरी पुली यंत्राच्या पोटात कुठेतरी स्क्रूने लावून ठेवलेली असते.

जाता जाता: इथे हार्डऑफ नावाची जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी आहे, तिथे असले टर्नटेबल ओळीने मांडलेले असतात. बायको मला एकट्याला जाऊ देत नाही.

---

तबकडीवाली (दादर)

आईंना सा. न. (साष्टांग नमस्कार)! नुसत्या कानाने वीज मोजली.

आता दोन नंबर, खरखर. ओल्या फडक्याने वाढणारच. रेकॉर्ड ओली करणं सोपं, घाण उचलणं अवघड. आपण काय करतो, धूळ भिजवतो, खाचेत सारवतो आणि वाळू देतो. मग सुई येते आणि तिला थापून बसवते. एलपीची सुई टोकाशी केसाहून बारीक असते. तिच्या वाटेत चाळीस वर्षांचा उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि बोटांचं तेल बसलंय. (आमच्याकडे रेडिओग्राम देवघराशेजारी होता. पहिल्या धुण्याचं पाणी चहासारखं निघालं.)

माझी पद्धत सांगते. यंत्रबिंत काही नाही.

नळाचं पाणी नको, आरओचंही नको. आरओमध्येही थोडे क्षार उरतातच, पाणी उडून जातं आणि ते खाचेत राहतात. डिस्टिल्ड वॉटर आणा, बॅटरीच्या दुकानात मिळतं. मात्र मागताना नीट मागा, तिथे ॲसिडही मिळतं. लिटरभर पाण्यात वेटिंग एजंटचे (पाणी सगळीकडे पसरवणाऱ्या द्रवाचे) काही थेंब, जे फिल्म धुणारे शेवटच्या पाण्यात टाकायचे. भांड्यांचा साबण वापरलात तर तो लिंबाचा-गुलाबाचा नको आणि खळबळून काढायला दुप्पट पाणी ठेवा.

टर्किश टॉवेलवर रेकॉर्ड ठेवा. मधल्या लेबलवर त्याच्याहून किंचित मोठं डब्याचं झाकण दाबून धरा, लेबल साधारण १० सेंमीचं असतं. मऊ रंगाच्या ब्रशने खाचेच्या दिशेने गोल गोल, आडवं कधीच नाही. मिनिटभर भिजू द्या. मग ते मळकं पाणी मायक्रोफायबरने टिपा, पुसू नका. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा तेच. दुसऱ्या वेळचं फडकं वेगळं. हे दुसरं पाणी लोक गाळतात आणि मग म्हणतात धुऊन काही उपयोग होत नाही.

वाळायला ताटाळ्यात उभी. स्टीलचं असेल तर तारेला सुती पट्टी गुंडाळा. पंखा बंद, नाहीतर सगळी धूळ परत.

आणि धुतलेली रेकॉर्ड जुन्याच पिशवीत घालू नका. आंघोळ करून तोच घामट सदरा!

---

चिकटपट्टी

एवढे कष्ट कशाला? सुतारकामाचा पांढरा गोंद जाडसर ओता, पसरवा, वाळला की साल काढा. खाचेतली घाण सालीबरोबर येते. यूट्यूबवर बघा, साल निघताना बघायला फार समाधान वाटतं.

---

खरखर

आला. दर धाग्यात येतोच. *पॉपकॉर्न घेऊन बसलोय.*

---

कातळशिल्प (रत्नागिरी)

गोंदाचा प्रयोग मी केलाय, जुलैत. कोकणात जुलैमध्ये गोंद वाळत नाही हे मला, जन्माने कोकणी असून, सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वरून पारदर्शक दिसला म्हणून ओढला. मधोमध ओला होता. साल फाटली, तुकडे खाचेत. तीन आठवडे कोमट पाण्यात बोटाने चोळत होतो. दोष गोंदाचा नाही, माझ्या घाईचा. पण जी पद्धत पावसाळ्यात आठ महिन्यांचा संयम मागते ती माझ्या कामाची नाही.

आमची खरी कटकट बुरशीची. पांढरट ठिपके, कधी जाळं. ती रेकॉर्ड घरात झटकू नका, अंगणात न्या आणि नाकाला फडकं बांधा. एलपी असेल तर डिस्टिल्ड पाण्यात पाचवा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून लावतो, दोन मिनिटं ठेवतो, मग वरच्या ताईंची पद्धत. कव्हर सावलीत उघडं करून वाळवायचं, उन्हात नाही. रेकॉर्ड तर उन्हात कधीच नाही, तिचा पापड होतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. ओल भिंतीतून येते. आणि उभ्या ठेवा, एकावर एक नाही.

---

नातू (सांगली)

वर अल्कोहोल लिहिलंय म्हणून हातातलं काम टाकून लिहितोय. ७८च्या रेकॉर्डला स्पिरिट, अल्कोहोल, सॅनिटायझर काहीही लावू नका. माळ्यावरचा, तुमच्या त्या ११ ट्रंकेतच राहू द्या, पुढचं वाचेपर्यंत.

आजोबांकडे बालगंधर्वांच्या सहा ७८ होत्या. मी बारावीत होतो, हुशारी उतू जात होती. सर्जिकल स्पिरिट, कापूस. कापूस काळाकुट्ट व्हायला लागला. मला वाटलं, काय घाण निघतेय! दुसरा बोळा, तिसरा. ती घाण नव्हती, रेकॉर्डच होती.

७८ बहुतेक लाखेच्या. लाख, दगडाची पूड, काजळी. सुतार पॉलिश करताना चपडा कशात भिजत घालतो? स्पिरिटमध्ये. तेच मी केलं. आजोबांनी ती लावून पाहिली, पहिली ओळ संपेपर्यंत ऐकली, उचलून पाकिटात ठेवली. बोलले काही नाहीत. त्या दिवसानंतर फोनोची चावी मात्र त्यांच्या जानव्याला.

७८ला डिस्टिल्ड पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, लगेच टिपून कोरडी. भिजत ठेवायची नाही, आणि चीर गेली असेल तर चिरेत पाणी जाऊ द्यायचं नाही. पडली तर काचेसारखी फुटते हे वेगळं सांगायला नको.

---

तबकडीवाली

नातू, हे वर अधोरेखित करून लावायला हवं.

एक भर घालते. ७८ म्हटलं की लोकांना वाटतं फार पुरातन. एलपी १९४८ मध्ये अमेरिकेत आली, पण आपल्याकडे ७८ जवळजवळ १९७० पर्यंत निघत होत्या. बीटल्ससुद्धा भारतात ७८वर निघाले, त्याच्यामागे परदेशातले संग्राहक वेडे आहेत. त्यामुळे कव्हरवरून नाही, लेबलवरून ठरवा. 'एलपी' किंवा ३३⅓ लिहिलंय का बघा. एचएमव्हीच्या लेबलवर ईसीएलपीने सुरू होणारा क्रमांक म्हणजे मोनो एलपी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. जड, कडक आणि नखाने टिचकी मारल्यावर टणटण वाजणारी ती बहुधा लाखेची.

---

माळ्यावरचा

बाप रे. सॅनिटायझरची बाटली शेजारीच होती. ७८ परत गोधडीत.

पोटात दुसरी पुली नाही, सगळं उघडून बघितलं. ऑनलाइन मिळते, पण पुलीपेक्षा टपाल महाग. इथे सातपूरला लेथवाले आहेत. २० टक्के जाड करून घेतली की झालं ना? बारीक पुली मोजली, बरोबर १० मिमी.

---

लेथमास्तर (इचलकरंजी)

थांबा थांबा. २० टक्के करून १२ मिमी सांगाल आणि मग परत इथंच येऊन रडाल.

बेल्ट पुलीवरून जातो तेव्हा त्याची मधली रेघ धरायची, पुलीचा पत्रा नाही. बेल्टची जाडी किती? समजा ०.६ मिमी. मग कामाचा व्यास १० नाही, १०.६. त्याच्या १.२ पट १२.७२. त्यातून ०.६ वजा. पुली १२.१२ मिमी हवी. १२ केली तर एक टक्का हळू. तुम्हाआम्हाला कळणार नाही, पण आईसाहेबांना कळेल असं दिसतंय.

पितळेत करा. जुनी पुली नमुना म्हणून द्या. तिचा पोटाकडचा बाक बघा, मध्ये किंचित फुगीर असते, त्यावरच बेल्ट मधोमध राहतो. सरळ नळकांडं केलं तर बेल्ट खाली उतरणार. पुलीवर ४५ फेऱ्यांच्या वेगाचा टप्पा असेल तर त्याचाही हिशेब असाच, दोन्ही एकाच बैठकीत, जॉब (घडवायचा तुकडा) लेथवरून न काढता. काढून परत लावला की डगडग आलीच आणि स्वर कापणार. आणि भोक घासून मोठं करायला देऊ नका, रीमर (भोक अचूक मापाचं करायचं हत्यार) मारायचा.

---

खरखर

वाखुसा (वाचनखूण साठवली).

पुली येईपर्यंत सुईचं बघून घ्या. वापरलेल्या यंत्रावरची सुई किती वाजलीय कोणाला ठाऊक. हिऱ्याची असली तरी पाचशे ते हजार तास धरायचे. झिजलेली सुई म्हणजे छिन्नी, धुतलेली रेकॉर्ड खरवडून ठेवते. माझं मत विचाराल तर पैसे तीनच गोष्टींवर घाला: नवी सुई, प्रीअँप, डिस्टिल्ड पाणी. रेकॉर्डी धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक मशिनवाल्यांनी माफ करावं.

सुईचा दाब कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला असतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ईला २ ग्रॅम, एटी३६००एलला ३ ते ३.५. सोनारांचा असतो तसला छोटा डिजिटल काटा स्वस्तात मिळतो, त्यावर तोला. कमी दाब म्हणजे रेकॉर्डवर दया असं नाही. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

---

माळ्यावरचा

दाबावरून आठवलं. ट्रंकेत एका कव्हरला सेलोटेपने चार आण्याचं नाणं चिकटवलेलं सापडलं. बाबांना विचारलं. म्हणाले, फिएस्टा उड्या मारायचा तेव्हा ते सुईच्या डोक्यावर ठेवायचो, "सगळेच ठेवायचे."

---

तबकडीवाली

सगळेच ठेवायचे, खरंय. आमच्याकडे कॅरमची सोंगटी होती.

पण त्याचा अर्थ, काही रेकॉर्डी धुऊनही सुधारणार नाहीत हे मनाशी धरून ठेवा. ओळखायचं असं: मध्येच, कुठेही टक्‌ टक्‌ येत असेल तर धूळ, धुतल्यावर जाईल. दर फेरीला त्याच जागी ठक्‌ येत असेल तर ओरखडा. आणि तान वर गेली की आवाज फाटत असेल, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात, तर खाच झिजलीय. तिथे पाणीबिणी काही करू शकत नाही. तुमची जी आवडती असेल ना, तीच झिजलेली निघेल, कारण नाणं तिच्यावरच सगळ्यात जास्त फिरलंय.

---

नातू

७८ साठी वेगळी सुई लागते हेही लिहून ठेवतो. एलपीची सुई टोकाशी १८ मायक्रॉनच्या आसपास, ७८ची ७५. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी घरंगळते, नुसती चरचर ऐकू येते. तुमच्या यंत्रावर ७८चा वेग नसणारच. योग्य सुई लावून ४५वर वाजवा, संगणकात घ्या आणि वेग साधारण १.७३ पट करा. प्रीअँपमुळे स्वराचा रंग थोडा वेगळा येतो, ऐकण्यापुरतं चालतं. नीट करायचं असेल तर मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, अशा कामात मुरलेली मंडळी.

---

चिकटपट्टी

माझ्या गोंदाला कोणीच न्याय दिला नाही. नागपूरला मेमध्ये अर्ध्या तासात वाळतो.

---

कातळशिल्प

नागपूरला मेमध्ये रेकॉर्डच वितळेल.

---

माळ्यावरचा

अपडेट. उशीर झाला, क्षमस्व.

सातपूरचे लेथवाले काका आधी हसले. "एवढ्याशा जॉबला मशीन चालू करायचं?" मग आईने फोनवर पाठवलेलं गाणं त्यांना त्याच उतरलेल्या वेगात ऐकवलं. म्हणाले, हे गाणं असं नाहीये. मशीन चालू केलं. बेल्ट ०.६च निघाला, पुली १२.१२ सांगितली, त्यांनी १२.१० दिली आणि पैसे घेतले नाहीत. एक अट घातली, त्या रेकॉर्डची दुसरी बाजू त्यांना मोबाइलवर हवीय.

तीन मिनिटांत १०० फेरे. वेग तपासायचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा छापील कागद (वेग बरोबर असेल तर पट्ट्या स्थिर दिसतात) थाळीवर ठेवून जुन्या ट्यूबलाइटखाली बघितला, ५० हर्ट्झसाठीच्या १८० पट्ट्या जवळजवळ स्थिर, अगदी मुंगीच्या पावलाने मागे सरकतात. (एलईडीखाली काही कळलं नाही, तासभर फुकट गेला.)

धुणं: आतापर्यंत २२ एलपी. १४ लख्ख, पाच बऱ्या, तीन नाणेग्रस्त. तबकडीवाली ताई, तुमचं खरं ठरलं. त्या तिघींपैकी दोन बाबांच्या सर्वांत लाडक्या. त्यांना वाजवून दाखवली, फाटलेली तान आली, तर म्हणाले, "हे इथे असंच आहे गाण्यात." मी वाद घातला नाही.

आईची परीक्षा काल झाली. तीच एलपी. पहिला सा आला, तिने पेटीवर काळी चार दाबली आणि कपाळाला आठ्या. "अजून किंचित चढी आहे तुझी रेकॉर्ड." म्हटलं, शक्यच नाही. परत फेरे मोजले, १००. परत कागदावरच्या पट्ट्या, सरकत होत्या तर मागेच, म्हणजे रेकॉर्ड चढी असूच शकत नाही. शेवटी मोबाइलवरचा ट्यूनर पेटीसमोर धरला.

पेटीच उतरलीय. जवळजवळ पाव पट्टी. या पेटीवर ती एकोणीस वर्षं शिकवतेय.

आता ती माझ्याशी बोलत नाहीये. मिरजेत पेटीचे सूर लावून देणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आणि पेटी नाशिकहून नेताना आडवी न्यायची की उभी?